दोरीचं दुसरं टोक

अक्का गेली त्या सकाळी तिचा नवरा टेलर मशीनवर बसून एका शर्टाला कॉलर लावत होता. दूधवाल्याने दाराशी सायकल टेकवली, आत डोकावला आणि म्हणाला, "टेलर, अक्का खालच्या तुकड्यात बसलीय. हाक मारली तर उठत नाही."

"बसू दे," टेलर म्हणाला. "दमली असेल."

दूधवाला हलेना. टेलरने शिवण पुरी केली, दोरा कापला, कॉलर उलटवून तिचं टोक बाहेर काढलं. तेवढ्यात त्याच्या मनात आलं, की या घरात राहायला आल्यापासून आपण हिला शेतात बसलेलं कधी पाहिलंच नाही. उभी असायची, वाकलेली असायची. बसायची ती घराच्या पायरीवर, बुटांची माती निघेपर्यंत. मग तो उठला आणि गळ्यात टेप, हातात कात्री, तसाच पळत सुटला.

त्यानंतरचं त्याला नीट आठवत नव्हतं. माणसं आली, गेली, चहाचे कप धुतले गेले, कुणीतरी त्याला जेवायला बसवलं. अक्काला पोचवून आल्यावर तो सवयीने म्हणाला होता, "अगं, पाणी दे जरा," आणि घर गप्प झालं होतं. तेवढं मात्र आठवत होतं.

आता रविवारी दुपारी सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसले होते. खालचा तुकडा नांगरून, ढेकळं फोडून अक्काने तयार ठेवला होता. त्यात पेरायचं मात्र राहिलं होतं, आणि मातीतली ओल रोज थोडी थोडी उडून चालली होती. आज-उद्यात काय ते ठरलं नाही, तर हा हंगाम हातचा जाणार होता. शेतात तिने खुंट्या ठोकल्या होत्या. एका खुंटीपासून दुसऱ्या खुंटीला बांधलेली दोरी तुकड्याच्या मधूनच तिरकी निघाली होती आणि अर्ध्यावर थांबली होती. बांधाला समांतर नाही, नांगराच्या तासालाही समांतर नाही. अक्काने आयुष्यात तिरकी ओळ धरली नव्हती. ही कशासाठी धरली, ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याला माहीत आहे.

"झाडांसाठी," मुलगा म्हणाला. तो बस डेपोत मेकॅनिक होता, नखांतलं काळं रविवारीही जात नसे. "मला म्हणाली होती ती. म्हणाली, झाडं लावून टाकू, मग तू रविवारी पाणी दिलंस तरी चालेल."

"कधी म्हणाली?" मुलीने विचारलं. ती शहरातल्या दवाखान्यात नर्स होती आणि पेशंटला विचारावं तसंच सगळ्यांना विचारायची.

"अशीच. बोलता बोलता."

"मला वेगळंच म्हणाली. 'चिमे, तुझं तुला देऊन टाकते एकदा, म्हणजे मी मोकळी.' आणि दादा, दोरी बरोबर मधून गेलीय. एका बाजूला तू, एका बाजूला मी. मला हवंय असं नाही हं. पण तिने ठरवलं असेल तर तिच्या मनाविरुद्ध कशाला?"

"हवंय असं नाही, पण घेईन," मुलगा म्हणाला.

"अहो," सुनेने त्याला दटावलं.

"मी काय म्हणतो," मामा मध्ये पडला. मामा म्हणजे अक्काचा धाकटा भाऊ. शहरात त्याचं किराणा दुकान होतं, आणि प्रत्येक वाक्य तो पुडा बांधल्यासारखं आवळून बोलायचा. "भांडू नका. चिमी म्हणते त्यात तथ्य आहे. पण दोरी मधून जात नाही. ती फाटकाकडे, म्हणजे माझ्या पट्टीकडे जाते. आमचे वडील म्हणायचे, फाटकाकडची पट्टी धाकट्याची. अक्काला ते आठवलं असणार. मी दुकान मुलाच्या हवाली करतोय, हे मी तिला सांगितलं होतं. म्हणाली, 'ये मग इकडे, एक खोली बांध.'"

"म्हणजे आता माझ्यात तथ्य आहे आणि जमीन तुझी," मुलगी म्हणाली.

टेलर प्रत्येकाकडे वळून बघत होता. तो एका माणसाचं ऐके, त्याला ते पटे. मग दुसरं बोले, तेही पटे. तिघंही खोटं बोलणारी नव्हती. अक्का प्रत्येकाला हे म्हणाली असणारच. ती बोलताना हातातलं काम थांबवायची नाही, आणि समोरच्याला जे ऐकायचं असे ते देऊन वाटेला लावायची. पण मग त्याला ती काय म्हणाली होती? दर हंगामाला ती त्याच्या मशीनपाशी येऊन उभी राहायची आणि विचारायची, "टेलर, काय लावू?" तो मान वर न करता म्हणायचा, "गुंड्या लाव. चार भोकांच्या." ती हसायची आणि जायची. त्याचं शेतीतलं सगळं योगदान तेवढंच. या वेळी तिने विचारलं होतं का? विचारलं असणार. पण हंगामा-हंगामाचे सगळे प्रश्न त्याच्या डोक्यात एकावर एक बसले होते आणि शेवटचा कुठला ते सुटं होत नव्हतं.

"सूनबाई, तू बोल की," मामा म्हणाला. "तू तर रोज तिच्याबरोबर असायचीस."

"मला घेवडा म्हणाल्या होत्या," सून म्हणाली. "वेलाला आधार लागतो, त्यासाठी दोरी. मी करीन म्हणते, मामा. झाडं नकोत, वाटणी नको. यंदा नेहमीसारखं करू आणि पुढचं पुढे."

"घेवड्याला तिरकी दोरी?" मुलगा म्हणाला.

"तुमच्या झाडांना तरी तिरकी का?"

"बायको कुणाची आहेस?"

"त्यांची सून आहे," ती म्हणाली, आणि मुलगी हसली. मघापर्यंत वहिनीकडे न बघणारी मुलगी तिच्या बाजूला सरकून बसली. "वहिनी म्हणते ते बरोबर आहे. यंदा नेहमीसारखंच करू."

"आत्ता वाटणी मागत होतीस!"

"मागत नव्हते. आईचं म्हणणं सांगत होते."

अक्काचा शेतातला कोट दाराच्या मागे खुंटीवर होता. टेलरनेच शिवलेला, दोन्ही बाजूंना कोपरापर्यंत हात जाईल असे खिसे. मुलाने उठून खिसे पालथे केले. टेबलावर घेवड्याचं बी पडलं, मक्याचे दाणे पडले, एक कांदा, एक वाकडा खिळा आणि एक गोळीचा कागद.

"हे बघा, घेवडा," सून म्हणाली.

"मका पण आहे," मुलगा म्हणाला.

"कांदाही आहे," मामा म्हणाला. " कांदा लावायचा होता का तिला?"

"गोळी कुठली खायची ती? तिला साखर चालत नव्हती," नर्स म्हणाली, आणि एकदम तिचे डोळे भरले. "मी विचारलं की म्हणायची, शिवत नाही मी गोडाला."

"माझ्या दुकानातली," मामा खाली बघत म्हणाला. "तीच मागायची. मी काय, नाही म्हणू?"

मग बोलणं दोरीवरून सुटलं आणि अक्कावर आलं. मामा म्हणाला, वडिलांचे हात आखडले तेव्हा तिची वेणीही कमरेपर्यंत आली नव्हती आणि तिने नांगर हातात घेतला. मी भित्रा होतो, बैल बघून पळायचो. ती म्हणाली, तू जा शहरात, हिशेब शीक, इथलं मी बघते. आणि तेव्हापासून बघतच राहिली. मुलगा म्हणाला, एकदा मी खुरपं शेतातच टाकून आलो, तर रात्री अंथरुणात माझ्या शेजारी ते निजवलेलं. मातीसकट. वर चादर ओढलेली. "तुझा मित्र बाहेर एकटा पडला होता, म्हणाली."

"माझ्या ताटात ठेवली होती कुदळ," मुलगी म्हणाली. "पाहुण्यांसमोर."

"मला सासूबाई ओरडल्या नाहीत कधी," सून म्हणाली. "नुसत्या बघायच्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं."

टेलर हसला. त्याला आठवलं, लग्नाचं बोलणं चाललं होतं तेव्हा ती सगळ्यांच्या देखत म्हणाली होती, मी शेत सोडून कुठे येणार नाही. मशीन उचलून आणता येतं, शेत उचलून नेता येत नाही. बोलणं बरोबर होतं. त्याने मशीन हातगाडीवर घातलं. लोक म्हणाले, टेलर नांदायला निघाला. तो म्हणाला, निघालो, माप घेऊन ठेवा, परत येईन तेव्हा अंगाने भरलेला असेन. पण परत जाण्याची वेळ कधी आलीच नाही. आणि शेताचं त्याला एवढंच शिकवलं गेलं होतं: वस्तू जिथली तिथे, आणि नांगरलेल्या जमिनीत पाय टाकायचा नाही. पाय पडला की माती बसते, म्हणायची.

"दाजी," मामा म्हणाला, "शेवटी तुम्हीच सांगायचं. तिच्या मनात काय होतं ते तुम्हाला माहीत नसेल तर कुणाला?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर हे एवढं तरी सांगता यायला हवं होतं. सांगता आलं नाही, तर मग आपण तिच्या घरात नुसते मशीन घेऊन बसलो होतो की काय?

"चला, बघून येऊ," तो म्हणाला.

बाहेर ऊन उतरलं होतं. खालच्या तुकड्याच्या बांधावर सगळे क्षणभर अडले. वर्षानुवर्षांची सवय, नांगरलेल्या मातीत पाय घालायला कुणी धजेना. मग मामाने बूट काढले आणि तो आत उतरला, म्हणून बाकीचेही उतरले.

टेलर पहिल्या खुंटीपाशी उकिडवा बसला. गुडघे कुरकुरले. दोरी त्याने बोटांमध्ये धरली, जशी तो शिवायला आलेल्या कापडाची किनार धरायचा. तिरकी का, ते दोरीकडे बघून कळत नव्हतं. मग तो सरकत पुढच्या खुंटीपाशी गेला आणि थांबला.

"ही गाठ हिची नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ती एका हाताने गाठ मारायची. दुसऱ्या हातात हातोडा असायचा. नुसता फास टाकायची, ओढला की सुटला. ही बघ. दुहेरी, आवळून, वर परत एक अढी." त्याने मान वर केली. "ही तर पुड्याची गाठ आहे."

मामा बांधाकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले.

"अरे, त्या दिवशी मी पोचलो आणि आपण तिला उचलून बाहेर काढत होतो," तो म्हणाला, "तेव्हा माझा पाय अडकला. खुंटी निघाली. मला वाटलं, आता ही उठून बघेल आणि म्हणेल, काढलीस ना खुंटी? मग तिला गाडीत ठेवल्यावर मी परत आलो आणि जागेवर लावली."

"जागेवर?"

"जागेवरच असेल. माती मऊ होती, भोक काही दिसेना. अंदाजाने."

"आणि अंदाज तुझ्या फाटकाकडे निघाला," मुलगी म्हणाली.

"मुद्दाम नाही ग! शपथ!"

"तिसरी खुंटी बघा," सून हळूच म्हणाली. "ती तरी त्यांनी ठोकलीय का?"

टेलरने बघितलं. अक्का खुंटी वीतभर वर ठेवायची, उपटायला सोपी. ही जमिनीबरोबर झाली होती, आणि डोकं फाटलेलं.

"एवढ्या जोरात कोण ठोकणार?" तो म्हणाला. "घणाने ठोकल्यासारखी."

मेकॅनिकने डोकं खाजवलं. "दोरी सैल पडली होती. मी ताणून घेतली. ती कधी सैल दोरी ठेवायची का? लोक येणार होते, बघणार होते. म्हटलं, आईचं काम असं लोंबकळताना दिसायला नको."

"आणि ताणताना हलवलीस."

"थोडीशी."

"मग मधली मीपण हलवली म्हणायची," सून म्हणाली. "पाइप ओढताना आडवी येत होती. पण लगेच परत लावली हो."

मुलीने तोंडावर हात ठेवला होता. हसते की रडते, ते टेलरला कळेना. "मी दोरीचा गुंडा केला," ती म्हणाली. "इकडे तिकडे पसरली होती सगळी. मोकळी दोरी पुढे कुठवर गेली होती ते मी बघितलंसुद्धा नाही. नुसती गोळा केली, गुंडाळली आणि खुंटीला अडकवली. मला वाटलं, तिने बघितलं तर..."

मामा हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून. मग मुलगा, मग सून. दुपारभर ज्या रेघेवरून सगळे एकमेकांच्या अंगावर आले होते, ती रेघ अक्काची नव्हतीच. ती ओरडेल म्हणून तिच्या माघारी प्रत्येकाने आवराआवर केली होती, आणि सगळ्यांनी मिळून तिचं काम व्यवस्थित पुसून टाकलं होतं.

"बाबा," हसून झाल्यावर मुलीने विचारलं, "तुम्ही काय केलंत? खरं सांगा. तुम्ही पण काहीतरी आवरलंच असणार."

टेलर उकिडवाच होता. त्याने शर्टाच्या खिशात हात घातला. हे तो कुणाला सांगणार होता असं नाही, सांगायचं नाही असंही ठरलेलं नव्हतं. ते नुसतं खिशात होतं. दोरीचा एक आखूड तुकडा, वेटोळ्याचा पीळ अजून न मोडलेला.

"हे तिच्या हातात होतं," तो म्हणाला. "बोटांना गुंडाळलेलं, घट्ट. मी आलो तेव्हा ती अशी गुडघ्यावर हात ठेवून बसली होती आणि दोरी हातातून खुंटीकडे गेली होती, ताणलेली. मी तिला मिठीत घेऊन उठवायला बघत होतो आणि दोरी येऊ देत नव्हती. माझ्या हातात कात्री होतीच. कापली."

कुणी हसलं नाही.

"म्हणजे दोरी थांबली नव्हती," मुलगा सावकाश म्हणाला. "पुढे चालली होती. ती जिथे बसली होती, तिथे."

"हो."

"मग सोपं आहे! ती कुठे बसली होती तेवढं सांगा. पहिल्या खुंटीपासून तिथवर दोरी ताणली, की झालं. कळेल कुठे निघाली होती."

टेलर उठला. त्याने तुकड्यावर नजर फिरवली. इथे असावी. ढेकूळ होतं एक, त्याच्याजवळ. की विहिरीच्या अंगाला? धावत आलो तेव्हा सूर्य डोळ्यांवर होता, म्हणजे तोंड तिकडे. पण मग दूधवाला कुठल्या बाजूने आला? तो चार पावलं गेला, थांबला, परत फिरला.

"इथे," मामा दुसरीकडून ओरडला. "मी इथूनच उचललं तिला."

"नाही मामा, इकडे," मुलगा म्हणाला. "तिथे तर डॉक्टर उभे होते."

"डॉक्टर बांधावर होते!"

रस्त्यावरून दूधवाला संध्याकाळचा रतीब घालायला चालला होता. मुलाने त्याला हाक मारली. त्याने सायकल लावली, बांधावर उभं राहून बराच वेळ बघितलं, आणि एक बोट केलं. मग ते बोट हळूहळू सरकवत दुसरीकडे नेलं. "तिथे," तो म्हणाला. "नाहीतर जरा अलीकडे. मी रस्त्यावरून बघितलं होतं, दादा. मला वाटलं, बसलीय."

टेलरने गुंडा सोडवला. टोक मुलाच्या हाती देऊन त्याला पहिल्या खुंटीपाशी उभं केलं आणि दुसरं टोक स्वतः घेऊन चालू लागला. एका ठिकाणी उभा राहिला, दोरी ताणली. सरळ बघितलं तर ती मामाच्या फाटकावर जात होती. तो बाजूला सरकला. आता ती विहिरीवर जात होती. आणखी थोडा सरकला, तर ती घराच्या मागच्या दारावर आली, त्याच्या मशीनच्या खिडकीशेजारी. तिथे तो जरा जास्तच वेळ थांबला. बांधावरून येताना हल्ली त्याचे गुडघे दुखायचे आणि ती म्हणायची, तुझ्यासाठी काहीतरी करायला हवं. पण ते ती सगळ्यांच्याच बाबतीत म्हणायची. वाट? हिच्या शेतातून, मधोमध, त्याच्यासाठी? जी पाऊल पडू देत नव्हती ती? त्याने मान हलवली. मग परत बघितलं. एक पाऊल इकडे तर फाटक, एक पाऊल तिकडे तर खिडकी. दोरी जिकडे न्यावी तिकडे जात होती.

"बाबा, सापडलं का?" मुलगी म्हणाली.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मला माहीत नाही ग, चिमे."

त्याला वाटलं होतं, हे म्हटल्यावर सगळे निराश होतील. पण मामा नुसता "बरं" म्हणाला आणि खाली बसून पायाची माती झाडू लागला. मुलाने खुंटी उपटावी की राहू द्यावी असा हात पुढे केला आणि मागे घेतला. शेवटी त्याने ती तशीच सोडली.

तेव्हा टेलरने खाली बघितलं. अक्काने इतकी मऊ करून ठेवलेली जमीन पावलांनी भरून गेली होती. त्याची, मामाची अनवाणी, मुलाच्या बुटांची, दोघींच्या चपलांची. हातभरही जागा मोकळी नव्हती. माती बसली होती.

सून त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. हातातले घेवड्याचे आणि मक्याचे दाणे ती या हातातून त्या हातात करत होती.

"बाबा," तिने विचारलं, "काय लावू?"

टेलरने तोंड उघडलं. उत्तर जिभेवर तयारच होतं, चार भोकांसकट. त्याने ते गिळलं.

"आधी हे सगळं परत एकदा उकरून घ्यावं लागेल," तो म्हणाला.

"आणि मग?"

टेलरने हातातली दोरी परत गुंडाळून खुंटीला अडकवली. ट्रॅक्टरवाल्याला निरोप द्यायचा राहिला होता. काय लावायचं ते ठरायचं राहिलं होतं. दोरी खुंट्यांना तशीच होती आणि खालचा तुकडा रिकामाच होता.